सव्वादोन हजार आणि आजीचे हेलपाटे

अलोऱ्याच्या एका वाडीत नातवंडं सांभाळणारी आजी मला म्हणाली, "बाय, ती योजना अनाथ पोरांची. आमच्या पोरांची आय हाय ना!"

क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना फक्त आईबाप दोन्ही गेलेल्यांची नाही. बाप वारला, टाकून गेला, तुरुंगात आहे, की गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलाय, तरी १८ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी अर्ज करता येतो. महिन्याची रक्कम २०२३मध्ये ११०० वरून २२५० झाली. मूल संस्थेत न जाता आपल्या माणसांत वाढावं, म्हणून हा पैसा. नर्स म्हणून सांगते, दूध, अंडी, डाळीला मोठा हातभार लागतो.

पण अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बालकल्याण समितीचा. रत्नागिरीला जायचं म्हणजे मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. एक कागद कमी पडला की पुन्हा तेच. कार्यालयानेच ठरलेल्या दिवशी चिपळूणला येऊन अर्ज घ्यावेत. महिला मंडळांनो, ग्रामसभेत तसा ठराव मांडा.

तोवर मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, पासबुक एका पिशवीत जमवून ठेवा. मूल संकटात असेल तर १०९८ लावा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.