पक्कड आमची, सही त्याची



निघोज्यात कामाला तोटा नाही. महिंद्रची गाडी इथं जुळते, फोक्सवॅगनची इथं जुळते, आणि ती जुळवणारी माणसं दहा बाय दहाच्या खोल्यांत झोपतात. विदर्भातली, मराठवाड्यातली, बिहारातली. त्या खोल्यांचे नळ गळतात, होल्डर जळतात, पावसाळ्यात दारं फुगतात, कड्या निखळतात. पिशवीत पक्कड, टेस्टर, पाना घेऊन फिरणारा माणूस इथं उपाशी मरणार नाही, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

मग आपली पोरं सात महिन्यांच्या करारासाठी गेटवर का उभी?

विचारलं तर म्हणतात, दादा, लायसन लागतं. कोण म्हणालं? एजंट म्हणाला. त्याला किती दिले? हजार.

ऐक मग. दुकानांचा १९४८ चा कायदा गेला, २०१७ चा आला. थोडकीच माणसं कामाला असतील तर नोंदणीचा दाखला लागत नाही. फक्त कळवायचं. धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत, ऑनलाइन, एफ नमुन्यात. उद्यमची नोंदणी २०२० पासून आधारवर होते, फुकट. जीएसटी वर्षाला वीस लाखांची उलाढाल होईस्तोवर नाही. वीस लाख! आपण नळाचे वायसर बदलणारे. एजंटाला दिलेले हजार रुपये म्हणजे आपल्या अडाणीपणावर बसवलेला कर. तो आजपासून बंद कर.

सरकार म्हणतं, जा, कर धंदा. सरकारला उदार व्हायला काय जातं? खरा परवाना सरकारच्या टेबलावर नाहीच.

विजेचं काम घे. १९५६ च्या नियमांत ४५ वा नियम होता, २०१० च्या नियमांनी तोच पुढं चालवला. बल्ब बदल, पंखा बदल, फ्यूज घाल, बटण बदल, चालतं. नवी वायर ओढलीस, पॉइंट वाढवलास, की परवानाधारक ठेकेदारच पाहिजे. नियम वाईट नाही. शॉक लागून काळा पडलेला हात मी पाहिलाय, त्या नियमाला मी शिव्या देणार नाही. माझं भांडण त्या नियमाच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्याशी आहे. मी आयटीआयला दोन वर्षं तारतंत्री केलं. मग एका ठेकेदाराकडं तीन वर्षं शिडीवर काढली. भिंती मी फोडल्या, पाइप मी टाकले, टेस्ट रिपोर्टवर सही त्याची. पुढच्या परीक्षेला अनुभवाचा दाखला लागतो म्हणून मागायला गेलो, तर म्हणाला, ‘‘तुला काय कमी पडतंय माझ्याकडं?’’ कमी पडत होता एक कागद. तो त्यानं दिला नाही. का देईल? मी परवानावाला झालो तर शिडीवर कोण चढेल?

हे काही आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला शिरू देत नव्हते. तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो, थुंकी लागते, बाटतं म्हणे. त्या खात्यात पगार जास्त होता, हे मात्र बाटत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला.

आता २०२३ कडं ये. १७ सप्टेंबरला पीएम विश्वकर्मा योजना आली. अवजारांना पंधरा हजार, पाच टक्क्यांनी कर्ज. धंदे किती? अठरा. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, नाभिक, परीट... वाचता वाचता मला गावगाडा दिसला. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार. आकडासुद्धा तोच! प्लंबर नाही. वायरमन नाही. ज्या धंद्याला जात चिकटलेली नाही तो यादीत नाही. वर शब्द काय, तर गुरु-शिष्य परंपरा. म्हणजे बापाचं कर. आमच्या आज्याला कोणता धंदा दिला होता ते विचारा की! मेलेलं ढोर ओढ, सांगावा घेऊन पळ, भाकरी माग. ते वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं, आणि वतन रद्द करायचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. आमची परंपरा मोडण्याची आहे. तिला पंधरा हजार कोण देणार?

आणि गिऱ्हाईक? एका सोसायटीत पंखा लावायला गेलो. बाईंनी नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव, मग गावात कुठं. ‘‘बरं, साहेब आले की फोन करते.’’ त्यांच्याकडं परवाना द्यायचं खातं होतं, आणि अर्ज तिथल्या तिथं नामंजूर झाला.

फोन आला. चार महिन्यांनी, रात्री अकराला. सोसायटीची टाकी तुंबली होती. तेव्हा आडनाव चाललं. कागद नको, अनुभव नको, ‘‘लवकर ये रे बाबा, पैसे सांग.’’ २०१३ चा कायदा सांगतो, संरक्षणाची साधनं दिल्याशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा. २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्यायला सांगितलं. म्हणजे बघ, जिथं कायदा मोकळीक देतो तिथं आपल्याला दार बंद, आणि जिथं कायदा बंदी घालतो तिथं झाकण उघडून वाट बघतायत.

मी गेलो नाही. दुसऱ्या वस्तीतलं कुणी गेलं असेल. ते मला अजून झोपू देत नाही.

भूमिपुत्र म्हणवणाऱ्यांना सातबाऱ्यावर कंपनीचे ठेके मागता येतात. आपल्या नावावर सातबारा कुठाय? आपल्याकडं हात आहेत. म्हणून रविवारी सकाळी विहारात या. एफ नमुना मोबाइलवर भरू, एजंटाविना. ज्यानं ठेकेदाराकडं राबून दाखला मिळवला नाही, त्यानं साइटचं नाव, तारीख, मजुरी, जे आठवतं ते वहीत लिहून आणा, पगाराच्या पावत्या, गेटपास फेकू नका. पाच-सहा जणांची वही एकत्र झाली की ती घेऊन त्याच्या दारात आपण सगळे जाऊ, एकटा कुणी नाही. टाकीसाठी फोन आला तर दर सांगायचा नाही, मशीनची गाडी मागवा म्हणायचं आणि नंबर विहारातल्या वहीत लिहायचा.

येताना टेस्टर आणा. विहारातलं बटण महिनाभर जळालंय, ते आधी बदलू.