पाणी मागितलं की विचारलं?

गेल्या सुट्टीत कराडच्या घरी माझ्या सात वर्षांच्या लेकीनं काकीला सांगितलं, “मी आजीला पाणी विचारलं.” काकीला केवढं कौतुक! एवढीशी पोर आजीची तहान बघते. कारण आमच्याकडे पाणी विचारायचं ते दारी आलेल्याला, वडीलधाऱ्यांना. लेकीला मात्र स्वतःलाच पाणी हवं होतं. तिच्या इंग्रजी ‘आस्क’मध्ये मागणं आणि विचारणं दोन्ही बसतं. ‘आस्क फॉर’ म्हणून इंग्रजी फरक दाखवते खरी, पण क्रियापद तेच राहतं.

ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

‘आस्क’ आणि आपला ‘इच्छा’ हे शब्द एकाच प्राचीन धातूतून आले आहेत. हवं असणं हे ‘आस्क’चं मूळ. आपलं ‘मागणे’ शोधण्यातून आलं. ‘माग काढणे’ त्याच घरातलं. जुनं ‘पुसणे’ हे संस्कृत ‘पृच्छ्’चं रूप, जर्मन ‘फ्रागेन’ आणि प्रार्थनेसाठीचा इंग्रजी ‘प्रे’ हे त्याचे लांबचे भाऊबंद. ‘विचारणे’ मात्र थेट ‘विचार’शी जोडलेलं आहे. आधी मनात विचार, मग तोंडी प्रश्न. म्हणून आपण जाब विचारतो, आणि ज्याची कुणाला पर्वा नाही त्याला ‘कुणी विचारत नाही’ म्हणतो. मागणारा देणाऱ्याच्या होकारावर अवलंबून असतो. विचारणारा बरोबरीनं उभा असतो.

ही बरोबरी कराडनं पाहिली आहे. 1975 साली, आणीबाणी चालू असताना, तिथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष होते कराडचे यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय मंत्री. अध्यक्ष होत्या लेखिका दुर्गा भागवत. सत्तेतल्या मंत्र्याच्या गावात, ते स्वागताध्यक्ष असताना, दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलल्या आणि सरकारविरोधी आंदोलनाचे आजारी नेते जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायचं आवाहन केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. विचारण्याची किंमत त्यांनी मोजली.

आपली मुलं मराठी बोलतात याचा मला आनंद आहे. पण सगळं एकाच क्रियापदात कोंबलं, तर शब्द मराठी राहतील आणि त्यामागचं वागणं निघून जाईल. मुलानं ‘पाणी विचारलं’ म्हटलं की हसून सोडून देऊ नका, तिथंच फरक सांगा. मुलांच्या मराठी शाळेतही पाणी मागायला, पाहुण्याला पाणी विचारायला आणि मोठ्यांना न घाबरता प्रश्न विचारायला शिकवा.