बैलाचा भाव आणि बिस्किटाचा पुडा

देशाची सांपत्तिक प्रकृती अर्थसंकल्पाच्या आकड्यांत पाहावी की बाजाराच्या पिशवीत, हा वाद जुना आहे. मंदीत चैनीच्या मोठ्या वस्तू सुटतात, पण ओठांची लाली अधिक खपते, असा आडाखा अमेरिकेतील प्रसाधन-उद्योजक लिओनार्ड लॉडर यांनी २००१ साली बांधला. असल्या आडाख्यांसाठी आम्हांस इतके दूर जावयास नको. आंबेगाव तालुक्याचे ठाणे असलेले घोडेगाव पुरेसे आहे.

घोडेगावच्या पूर्वेस डिंभे धरणाचे कालवे, ऊस, कांदा आणि बटाटा. २०१४ साली बंद पडलेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात वाट दिली, २०२३ च्या मेमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आणि या टापूत नामांकित बैलांचे सौदे लाखांत होऊ लागले. हा बैल नांगराला जुंपावयाचा नसतो. तेव्हा ही भरभराटच, असे कोणासही वाटेल. परंतु २०२३ च्या जुलैत शेजारच्या नारायणगावच्या बाजारात ज्या टोमॅटोने सोने पिकविले, त्याचाच भाव दोन महिन्यांत कोसळला. हौसेची खरेदी एका हंगामाचे दैव सांगते, प्रकृती नव्हे.

प्रकृती सांगतो तो पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. त्याचीही मागणी घटल्याचे पार्ले कंपनीच्या अधिकाऱ्याने २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगितले, तेव्हा देश चपापला. त्याच नोव्हेंबरात २०१७-१८ च्या कुटुंबखर्च पाहणीचे निष्कर्ष सदोष ठरवून सरकारने प्रसिद्ध केले नाहीत. २०११-१२ नंतरचे आकडे हाती आले ते थेट २०२२-२३ चे : दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये, शहरांत ६,४५९. मधल्या काळात नाडी पाहावयास वैद्यच नव्हता. म्हणून लोक बिस्किटे मोजीत बसले.

आणि ही सरासरी तरी काय सांगणार? घोडेगावच्या पश्चिमेस भात आणि हिरडा यांवर जगणारी आदिवासी गावे आहेत. तालुक्यास नाव देणारे जुने आंबेगाव डिंभ्याच्या जलाशयात बुडाले. पाणी मात्र पूर्वेच्या शिवारांत गेले. लाखांचा बैल घेणारा आणि पाच रुपयांचा पुडा घेताना खिसा चाचपणारा, दोघांनाही सरासरी एकाच ओळीत पुसून टाकते.

आमची मागणी साधी आहे. कुटुंबखर्चाची पाहणी नियमाने व्हावी, तिचे निष्कर्ष गैरसोयीचे असले तरी प्रसिद्ध व्हावेत आणि हिशेब तालुक्यापर्यंत उतरावा. शर्यतीच्या घाटात उडालेल्या गुलालावरून घरातील चुलीची परीक्षा करणे शहाण्या राज्यकर्त्यांस शोभत नाही.