हळदीचा खरा रंग आणि खोटा रंग

फळांच्या व भाज्यांच्या रंगांचा अलीकडे मोठा गाजावाजा होत आहे. जांभळाचा जांभळा, पालेभाजीचा हिरवा, हळदीचा पिंवळा, असा प्रत्येक रंग बुद्धि तल्लख करतो व स्मरणशक्ति वाढवितो, अशा जाहिराती आमच्या वाचकांच्याही पाहण्यांत येत असतील. हळद पिकविणाऱ्या बागाईतदारास हें वाचून संतोष वाटणें साहजिक आहे. परंतु आपल्या मालाची स्तुति ऐकतांना ती कितपत खरी, हें पाहणें शहाणपणाचें होय. आणि या बाबतींत जें निश्चित सिद्ध झालें आहे, तें आपल्या फायद्यापेक्षां आपल्या जबाबदारीकडे अधिक बोट दाखवितें, असें आमचें मत आहे.

वनस्पति हे रंग स्वतःच्या गरजेसाठीं तयार करितात. ल्यूटीन नांवाचें पिंवळें द्रव्य प्रखर उन्हापासून पानाचें रक्षण करतें. पालेभाजींत तें हिरव्या रंगाखालीं दडलेलें असतें, मक्याच्या पिंवळ्या दाण्यांत उघड दिसतें. मनुष्याच्या शरीरास तें तयार करतां येत नाहीं, अन्नांतूनच घ्यावें लागतें. तें डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागीं सांठतें, तसें मेंदूंतही सांठतें. तान्ह्या मुलांच्या मेंदूंत त्या वर्गांतील रंगद्रव्यांपैकीं निम्म्याहून अधिक एकटें ल्यूटीन असल्याचें आढळलें आहे. आहारांत त्याचा वांटा पुष्कळच कमी असतो. मेथी, पालक घरांतल्या ताटांत रोज असावींत, यास एवढें कारण पुरे आहे. जांभळ्या फळांतील अँथोसायनिन या द्रव्याविषयीं लहान प्रमाणावर जे प्रयोग झाले, त्यांपैकीं कांहींत स्मरणशक्तीस थोडासा लाभ दिसला. त्यापुढें ठाम विधान करणें धाडसाचें होईल.

आतां हळदीकडे वळूं. तिच्यांतील पिंवळें द्रव्य कर्क्युमिन हें सन १८१५ मध्यें प्रथम वेगळें काढण्यांत आलें व त्याची रचना सन १९१० मध्यें निश्चित झाली. वाळलेल्या हळदींत तें शेंकडा सुमारें २ ते ५ भाग असतें. तें पोटांत गेलें तरी रक्तांत फारच थोडें उतरतें. सन १९९८ मध्यें बंगळूर येथें झालेल्या प्रयोगांत मिऱ्यांतील पायपेरिन बरोबर दिल्यानें रक्तांत उतरणारें प्रमाण वीस पट झालें. सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियांतील एका प्रयोगांत ४० प्रौढ व वृद्ध माणसांपैकीं कांहींस खास तयार केलेलें कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम, दिवसांतून दोनदां, दीड वर्ष देण्यांत आलें. त्यांची स्मरणशक्ति सुधारलेली दिसली. उलटपक्षीं अल्झायमर नांवाच्या स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत लाभ दिसला नाहीं. वरणांतील चिमूटभर हळदीनें बुद्धि वाढते, असें म्हणण्यास आज आधार नाहीं. तशी जाहिरात व्यापारी करोत. ती आपल्या तोंडून निघूं नये.

मात्र पिंवळ्या रंगानें मेंदूची हानि कशी होते, याचा पुरावा भरपूर आहे. आणि तो रंग हळदीचा नव्हे. लेड क्रोमेट हा शिशाचा पिंवळाधमक रंग आहे. बांगलादेशांत सन १९८० नंतरच्या दशकांत पुरानें भिजून हळद काळवंडली, तेव्हां तिला तकाकी आणण्यासाठीं पॉलिश करतांना हा रंग चोळण्याची चाल पडली, असें तेथील व्यवसायांतल्या लोकांनीं संशोधकांस सांगितलें. गरोदर स्त्रियांच्या रक्तांतील शिशाचा माग काढतां काढतां तो हळदीपर्यंत पोहोंचला, व सन २०१९ मध्यें ही गोष्ट जाहीर झाली. सरकारनें बाजारांत तपासणी केली, दंड केले, लोकांस सावध केलें. सन २०१९ मध्यें बाजारांतील शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें सांपडत होतें. सन २०२१ पर्यंत एकाही नमुन्यांत सांपडेना. गिरण्यांत काम करणाऱ्या मजुरांच्या रक्तांतलें शिसेंही उतरलें. मनांत आणलें म्हणजे हें दोन वर्षांत थांबतें, हें यावरून स्पष्ट होतें.

शिसें शरीरांत कॅल्शियमची जागा घेतें, आणि म्हणून वाढत्या मेंदूंत त्याचा सहज शिरकाव होतो. मुलांच्या बाबतींत त्याचें निर्धोक असें प्रमाणच नाहीं. जी बुद्धि त्यानें खुंटते, ती पुढें कितीही पौष्टिक आहार दिला तरी भरून येत नाहीं.

ही पीडा शेजारच्या देशाची, आपल्याशीं तिचा संबंध काय, असें कोणी म्हणूं नये. सन २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तपासणींत पाटणा येथील हळदीच्या कांहीं नमुन्यांतही शिशाचें प्रमाण फार मोठें आढळलें. सांगली, हिंगोली, वसमत येथील बाजारांत आपला माल जातो. सांगलीच्या व वायगांवच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. हें नांव मिळविण्यास पिढ्या लागल्या. तें जाण्यास शिशाचा एक डबा पुरेल.

यावर आमचे सभासद म्हणतील, "व्यापारी सौद्यांत तकाकी पाहून भाव देतो, वाळवतांना पाऊस पडून हळकुंडें मळकट झालीं तर आम्हीं काय करावें?" हा प्रश्न खोटा नाहीं. डोळ्यास दिसणाऱ्या रंगावर भाव ठरतो, तोंवर खोट्या रंगाचा मोह राहणारच. एकट्या शेतकऱ्यास ही रीति मोडतां येणार नाहीं, म्हणूनच संघ आहे. संघानें प्रत्येक ढिगाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा, कर्क्युमिनचें प्रमाण व शिशाचा अभाव यांचा दाखला घ्यावा, व त्या दाखल्यावर भाव मागावा. पॉलिशचे ड्रम शक्य तेथें संघाच्या देखरेखीखालीं चालावेत. त्यांत हळदीचीच पूड पाण्यांत कालवून शिंपडण्यास हरकत नाहीं, दुसरा कोणताही रंग आवारांत येतां कामा नये. शिजविलेली हळद स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर वाळवावी, आणि आभाळ दिसतांच झांकण्याची तजवीज आधींच असावी.

पहिल्या वर्षीं मळकट हळदीस क्विंटलमागें कांहीं रुपये कमी मिळतील. ते आपण सोसावे, असें आम्ही स्पष्टपणें सांगतों. आपली हळद ज्या घरांत जाते, तेथील मुलांची बुद्धि ती वाढवील कीं नाहीं, तें शास्त्रज्ञ ठरवितील. ती बुद्धि आपल्या हातून खुंटणार नाहीं, एवढें तर आपणच ठरवावयाचें आहे.