‘लठ्ठपणाचे जनुक’ आणि मधुमेह: चाचणीच्या अहवालाला घाबरू नका

‘घरबसल्या लाळेचा नमुना पाठवा आणि वजन का वाढते ते जाणून घ्या,’ अशा जनुकीय चाचण्यांच्या जाहिराती सध्या सर्रास दिसतात. अहवालात ‘एफटीओ’ हे नाव वाचून मधुमेहाचे रुग्ण विचारतात, “डॉक्टर, वजन माझ्या रक्तातच आहे, मग पथ्य कशाला?”

एफटीओ जनुकापासून शरीरात एक एन्झाइम, म्हणजे विकर, तयार होते. टाइप २ मधुमेहाची जनुके शोधताना २००७ मध्ये संशोधकांना या जनुकातला एक बदल सापडला. तो आई आणि वडील अशा दोघांकडूनही आलेल्या युरोपीय व्यक्तींचे वजन, तो नसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलो जास्त होते. या बदलामुळे भूक थोडी वाढते, असे अभ्यासांत दिसते. म्हणजे तुमचे वजन १५ किलो जास्त असेल, तर सगळा दोष एफटीओला देता येणार नाही.

आपल्यासाठी एक गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात, भारतीयांमध्ये या बदलाचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ जास्त वजनामुळे आहे असे दिसले नाही. म्हणून घरात मधुमेह असेल, तर सडपातळ व्यक्तींनीही साखर तपासत राहावी.

आता दिलासा देणारी बाब. २ लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून २०११ मध्ये दिसले, की नियमित हालचाल करणाऱ्यांमध्ये या बदलामुळे असणारा लठ्ठपणाचा धोका सुमारे पाव हिश्शाने कमी असतो. २०१६ मधील विश्लेषणानुसार, हा बदल असलेल्यांचे वजनही आहार आणि व्यायामाने इतरांइतकेच घटते.

म्हणून चाचणीवर खर्च करण्याआधी दोन गोष्टी करा:

१. कंबर मोजा. पुरुषांमध्ये ९० सेंमी आणि स्त्रियांमध्ये ८० सेंमीपेक्षा जास्त घेर असल्यास पोटावरची चरबी कमी करायला हवी.

२. सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या औषधांनी वजन वाढू शकते. मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही. तुमच्यासाठी पर्याय आहे का, ते विचारा. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका.

जनुके बदलता येत नाहीत. रोजचे ताट, चालणे आणि औषधांची निवड मात्र बदलता येते.