शून्याची प्रदक्षिणा

दुसऱ्याने रडावे कसे, हे शिकवण्याची हौस काही माणसांना फार असते. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात अशा मंडळींना नुसता ऊत आला होता. झाले होते असे, की तिथला ब्राउन्स हा व्यावसायिक फुटबॉल संघ 2017 च्या मोसमात 16 सामने खेळला आणि 16 च्या 16 हरला. (या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातात असतो आणि पाय पळण्यासाठी. तिकडे त्याला फुटबॉल म्हणतात; आपण कशाला मध्ये पडा!) आदल्या मोसमात एक सामना जिंकला होता, तो नाताळच्या आदल्या दिवशी. म्हणजे दोन वर्षांत 32 सामने आणि विजय एक. तोही सांताक्लॉजने टाकला असावा.

मग 6 जानेवारीला, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, काही हजार लोकांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. गोल फेरी, कारण शून्य गोल असते. जाता जाता गरजूंना धान्य पुरवणाऱ्या संस्थेसाठी मदतही गोळा केली.

झालं! शहाण्यांचा पारा चढला. ‘ही कसली निष्ठा? हा खेळाडूंचा अपमान आहे!’ काही खेळाडूही रागावले. त्यांचे मी समजू शकतो. हाडे त्यांची मोडतात. पण बाकीच्यांनी ‘खेळात हारजीत चालायचीच’ हे पालुपद लावावे? अहो, हारजीत चालायचीच, पण इथे जीत कुठे चालली होती? नुसती हारच चालत होती, ती सुद्धा रांगेने!

आणि हरले कोण, ते तरी नीट बघा. मालक हरले? छे! देशभरच्या टीव्ही प्रक्षेपणाचा पैसा 32 संघांत सारखा वाटला जातो. पहिल्याला जेवढा, तेवढाच शेवटच्याला. इंग्लंडात तळाला गेलेल्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलतात. इथे ती भीती नाही. उलट जो सर्वांत जास्त हरेल, त्याला कॉलेजांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंतला पहिला मोहरा उचलायचा मान! दुबळ्याला हात द्यावा हा हेतू चांगला, कबूल. पण 2017 मध्येही पहिली निवड ब्राउन्सचीच होती. ती केली, आणि मग सगळे सामने हरले. त्याबद्दल 2018 ला पुन्हा पहिली निवड! नापास मुलाला दरवर्षी नवे दप्तर दिले, तर तो अभ्यास कशाला करील?

प्रशिक्षक हरले म्हणावे, तर त्यांची नोकरी शाबूत. 1-15 नंतर ते म्हणाले होते, ‘पुन्हा असं झालं तर तळ्यात पोहेन.’ पुन्हा ‘असं’ झाले नाही, 0-16 झाले. एखाद्या वकिलाने यावर त्यांना कोरडे ठेवले असते. पण गृहस्थ शब्दाला जागले. 2018 च्या जूनमध्ये त्यांनी ईरी सरोवरात उडी मारली, आणि तीही एका चांगल्या कामासाठी पैसे जमवून. संघात दिलेला शब्द पाळणारा एक तरी निघाला!

राहिला प्रेक्षक. या प्रेक्षकाचा जुना संघ 1995 च्या मोसमानंतर मालकाने उचलून बाल्टिमोरला नेला. तिथे तो नाव बदलून 2001 च्या जानेवारीत चक्क सुपर बोल जिंकला. (मुलगी सासरी गेल्यावरच सुगरण व्हावी, तसे.) 1999 ला क्लीव्हलंडला नवा संघ मिळाला, नवे स्टेडियम झाले. त्यासाठी पैसा कुठून? इतर गोष्टींबरोबर दारू आणि सिगारेटवरच्या करातून. 2014 मध्ये मतदारांनीच त्या कराची मुदत आणखी 20 वर्षे वाढवली. म्हणजे दर रविवारी पराभवाचे दुःख बुडवायला बिअर घ्यावी, तर तिच्यातले चार पैसे पुन्हा पराभवाच्याच घराच्या डागडुजीला! एवढे सगळे भरून ज्याने तिकीटही काढले, त्याने स्वतःच्या पायांनी गोल फिरायचे नाही? का, त्यालाही परवानगी लागते?

ब्राउन्स अखेर 20 सप्टेंबर 2018 ला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध 21-17 असे जिंकले. एका बिअर कंपनीने शहरात बिअरचे फ्रीज साखळ्या घालून ठेवले होते, विजय मिळेपर्यंत बंद. त्या रात्री ते उघडले आणि लोक फुकट बिअर प्याले. कर त्या बिअरवरचाही कुणी सोडला नसेल.