वेगळं अर्थिंग? नको रे बाबा!

मागे आमचं सॉफ्टवेअर बसवायला चाकणच्या एका कारखान्यात गेलो होतो. आमच्याच कागदात एक ओळ होती: 'कॉम्प्युटर पॅनेलला स्वतंत्र अर्थिंग द्यावे.' त्यांनी बिचाऱ्यांनी नवा खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं आणि बाकीच्या अर्थिंगला तो कुठेच जोडला नाही. तिथले इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "साहेब, हे धोक्याचं आहे." मला काही पटेना. मग त्यांनी चहा पिता पिता गणितच मांडलं.

समजा, फेज पॅनेलच्या बॉडीला लागली. करंट या खड्ड्यातून जमिनीत जाणार आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या खड्ड्यातून परत वर येणार. एक खड्डा ५ ओहम, दुसरा १. २३० भागिले ६, म्हणजे साधारण ३८ अँपिअर. ब्रेकर ६३ चा. तो ढिम्म हलणार नाही! आणि बॉडीवर १९० व्होल्ट तसेच. हात लावणाऱ्याचं काय?

तेच सगळे खड्डे जाड पट्टीने एकमेकांना आणि त्या न्यूट्रलला जोडले, की करंटला मातीतून जावंच लागत नाही. शेकडो अँपिअर धावतात आणि ब्रेकर ताबडतोब ट्रिप होतो. माणूस वाचतो तो या पट्टीमुळे, नुसत्या खड्ड्यामुळे नाही.

पॅनेलला वेगळी वायर खुशाल द्या, पण तिचं टोक मेन अर्थ बारलाच हवं. आमच्या कागदातली ओळ मी बदलून घेतली. ती कोणी, कुठून कॉपी-पेस्ट केली होती, देव जाणे. तुमच्या मॅन्युअलमध्येही आहे का? सोमवारी बघाच!